चाकरमान्याचे घर आणि घरातील कर्ती : कोकणातील कुटुंबव्यवस्थापनाचा एक विचार

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात मुंबईच्या गिरणीकामगाराला महत्त्वाचे स्थान आहे. त्याची चाळ, त्याची संघटना, त्याचे संप, त्याची भजनी मंडळे आणि त्याची नाटके यांविषयी विपुल लेखन झाले. या कामगाराची गावाकडे राहिलेली पत्नी मात्र या लेखनात बहुधा त्याच्या आठवणीपुरती येते. अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही प्रसिद्ध छक्कड हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. तेथे बोलणारा पुरुष आहे, तो मुंबईत आहे आणि गावी राहिलेली स्त्री त्याच्या विरहाचा विषय आहे. लोककलेच्या दृष्टीने हे स्वाभाविकच आहे. परंतु त्यातून तयार झालेली वाट पाहणाऱ्या पत्नीची प्रतिमा अभ्यासकांनीही जवळजवळ जशीच्या तशी स्वीकारली. वास्तविक पाहता त्या स्त्रीला वाट पाहण्यास फारशी सवड नव्हती. घर, शेत, गुरे, मुले, वृद्ध सासूसासरे, वाण्याची उधारी आणि भावकीतील व्यवहार हे सर्व तिच्याच हातून पार पडत होते.

प्रस्तुत लेखात रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील चाकरमान्यांच्या घरांचा या दृष्टीने विचार केला आहे. पती नोकरीनिमित्त दूर असताना पत्नीने कुटुंबाचे व्यवस्थापन कसे केले, तिच्याकडे कोणते निर्णय आले व कोणते आले नाहीत, आणि या व्यवस्थापनाची नोंद समाजाने व शासनाने कशी घेतली, हे येथे पाहावयाचे आहे. या स्त्रीकडे कर्तेपणाची जबाबदारी आली, परंतु कर्तेपणाचा अधिकार आला नाही, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

स्थलांतराची पार्श्वभूमी

१८५० च्या दशकात मुंबईत कापडगिरण्यांचा आरंभ झाला आणि पुढील अर्धशतकात या उद्योगाने मोठा विस्तार केला. या गिरण्यांना मजूर पुरविणाऱ्या प्रदेशांत तत्कालीन रत्नागिरी जिल्हा अग्रभागी होता. (१९८१ साली या जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण झाला.) डोंगराळ भूमी, जांभ्या दगडाची पातळ माती, पावसाच्या एकाच हंगामावर अवलंबून असलेली भातशेती आणि पिढ्यान्‌पिढ्या होत गेलेले जमिनीचे तुकडे ही या स्थलांतराची भौगोलिक व आर्थिक कारणे होत. त्यांच्या जोडीला खोती पद्धती होती. कुळाच्या उत्पन्नाचा मोठा भाग खोताकडे जात असे आणि वेठबिगारही करावी लागत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ साली झाला. म्हणजे गिरणीउद्योगाच्या वाढीचा जवळजवळ संपूर्ण काळ कोकणातील कुळाने खोतीच्या ओझ्याखाली काढला. शेतीतून पोट भरत नसे, आणि खंड व कर्ज तर रोख फेडावे लागे. ही रोख रक्कम मुंबईच देऊ शकत होती.

पुरुष मुंबईला गेला तरी कुटुंब सहसा गेले नाही. दहा बाय बाराच्या खोलीत गावकीतील अनेक पुरुष पाळीपाळीने राहत. तेथे संसार मांडणे कठीण होते. त्याहीपेक्षा महत्त्वाचे कारण असे, की गावची जमीन कसणे आवश्यक होते. गिरणीतील वेतन अपुरे आणि नोकरी अशाश्वत होती. आजारपण, संप, बेकारी व म्हातारपण या चारही प्रसंगी कामगाराला परत जाण्यासाठी गावचे घर हवे होते. हे घर उभे ठेवणारी स्त्री मुंबईच्या औद्योगिक व्यवस्थेचा एक न दिसणारा आधार होती. भात, कडधान्य, लाकूडफाटा आणि मुलांचे संगोपन यांचा भार गाव उचलत होते, म्हणूनच अपुऱ्या वेतनावर कामगार मुंबईत टिकू शकला.

या स्थलांतराची खूण जनगणनेत स्पष्ट दिसते. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१३६ स्त्रिया होत्या. २०११ साली हे प्रमाण १,१२२ होते. त्याच वर्षांतील राज्याची सरासरी अनुक्रमे ९२२ व ९२९ होती. जिल्ह्यातील हे प्रमाण पाहून तेथे मुलींचा जन्म अधिक होतो किंवा स्त्रीला अधिक मान आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. शून्य ते सहा वयोगटात याच जिल्ह्यातील मुलींचे प्रमाण हजाराहून कमी आहे. याचा अर्थ प्रौढांमधील स्त्रियांची अधिकता हे मुख्यतः पुरुषांच्या अनुपस्थितीचे माप आहे.

मनीऑर्डर आणि घराचा हिशेब

भारतीय टपाल खात्याने १८८० साली मनीऑर्डरची सेवा सुरू केली. कोकणाच्या अर्थव्यवस्थेला पुढे ‘मनीऑर्डर अर्थव्यवस्था’ असे नावच पडले. या शब्दप्रयोगात पैसे पाठविणारा दिसतो, ते पुरविणारी दिसत नाही. मुंबईहून आलेली रक्कम आणि घरचा खर्च यांत नेहमीच अंतर असे. ते भरून काढण्याची रीत प्रत्येक घरी थोड्याफार फरकाने सारखीच होती. वाण्याकडे उधारीचे खाते असे. मनीऑर्डर आली की आधी उधारी चुकती होई आणि दुसऱ्या दिवसापासून नवे खाते सुरू होई. कोंबड्या, अंडी, आंबे, फणस, काजूबी, कोकमाची सोले यांच्या किरकोळ विक्रीतून येणारे पैसे स्त्रीच्या हाती राहत. मीठ, रॉकेल, मुलांच्या वह्या आणि औषधपाणी यांवर ते खर्च होत.

मनीऑर्डर कोणाच्या नावे येते, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. तथापि घरातील सत्तेची रचना त्यातून कळते. सासरे किंवा सासू हयात असतील तर मनीऑर्डर बहुधा त्यांच्या नावे येई. पत्नीच्या नावे ती येऊ लागणे म्हणजे चूल वेगळी झाल्याची किंवा सासूने कारभार सोडल्याची खूण असे. नव्या सुनेला आपल्याच पतीच्या कमाईतून काही हवे असल्यास सासूकडे मागावे लागे. सासूनेही तरुणपणी हेच सोसलेले असे. त्यामुळे या घरांतील सासू-सुनेच्या संबंधाकडे केवळ स्वभावाचा प्रश्न म्हणून पाहता येत नाही. दूर असलेल्या एका पुरुषाच्या तुटपुंज्या मिळकतीवर दोन स्त्रियांना घर चालवावे लागे. ताणाचे मूळ या परिस्थितीत होते.

मनीऑर्डरच्या कुपनावर चार ओळी लिहिण्यापुरती जागा असे. ज्या स्त्रीला वाचता येत नसे तिला पोस्टमन किंवा शाळेत जाणारे मूल त्या ओळी वाचून दाखवी. उत्तरही दुसऱ्याच्या हातून लिहिले जाई. साहजिकच पत्रात प्रकृती, पाऊस, पीक आणि पैसे एवढेच विषय येत. पतिपत्नीमधील खाजगी बोलणे, सासरचा जाच किंवा स्वतःचे आजारपण तिसऱ्या व्यक्तीला सांगून लिहविणे शक्य नव्हते. जे पत्रात येऊ शकले नाही ते मुंबईत पोहोचले नाही. म्हणूनच पत्रांच्या आधारे या कुटुंबांचा इतिहास लिहिताना अभ्यासकाने विशेष सावध राहणे आवश्यक आहे.

शेतीचे वार्षिक चक्र

घरचा कारभार म्हणजे केवळ स्वयंपाक आणि मुले असे समजल्यास या स्त्रीच्या श्रमांचे स्वरूप ध्यानात येणार नाही. कोकणातील भातशेतीचे वर्ष उन्हाळ्यात राब भाजण्यापासून सुरू होते. कवळ, पालापाचोळा व शेण पसरून रोपांची जागा भाजली जाते. त्याच दिवसांत आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची, तयारी करावी लागते. घर शाकारणे, लाकडे व शेण्या कोरड्या जागी भरणे, पेंढ्याची व्यवस्था करणे, मीठमसाला व सुकी मासळी साठविणे ही कामे पाऊस पडण्यापूर्वी उरकावी लागतात. मृगाचा पाऊस आला की पेरणी, आषाढात तरवा काढून लावणी, त्यानंतर बेणणी, आश्विनात कापणी आणि मग झोडणी असा क्रम चालतो. डोंगरउतारावर नाचणी व वरी आणि भातानंतरच्या ओलीवर कुळीथ किंवा वाल घेतले जातात.

यांतील बहुतेक कामे स्त्रियाच करीत आल्या आहेत. अपवाद नांगराचा होता. स्त्रीने नांगर धरू नये असा सार्वत्रिक संकेत होता. लावणीपूर्वीची चिखलणी मात्र दोनचार दिवसांच्या अवधीतच व्हावी लागते. पाऊस लागलेला, पती मुंबईत आणि जोत दुसऱ्याच्या दारी, अशा वेळी कारभारणीचे खरे कसब पणाला लागे. दिराची मनधरणी करणे, शेजारच्या घराशी सावड करणे किंवा मजुरी देऊन जोत आणणे हे तिच्यापुढील पर्याय असत. जोताच्या बदल्यात तिला दुसऱ्याच्या शेतावर लावणीसाठी राबावे लागे. एका लोकसंकेतामुळे तिच्या स्वतःच्या शेताचे वेळापत्रक दुसऱ्या पुरुषाच्या सवडीवर अवलंबून राही. अलीकडे पॉवर टिलर आले. ते भाड्याने मिळतात; परंतु ते चालविणारा पुरुषच असतो आणि हंगामात त्याच्यासाठी थांबावे लागते. साधन बदलले, तरी अवलंबित्वाचे स्वरूप फारसे बदलले नाही.

निर्णयांच्या तीन पातळ्या

या कुटुंबांतील निर्णयांची स्थूलमानाने तीन पातळ्यांत विभागणी करता येते. पहिली पातळी दैनंदिन निर्णयांची आहे. काय शिजवावे, काय विकावे, उधारी किती करावी, मुलाला ताप आल्यास घरगुती उपाय करावा की तालुक्याला न्यावे, हे निर्णय पत्नी किंवा सासू घेत असे. ते घेण्यासाठी कोणी तिला अधिकार दिला नव्हता. निर्णय तातडीचा होता आणि जवळ दुसरे कोणी नव्हते, एवढेच त्यामागील कारण होते.

दुसरी पातळी हंगामी निर्णयांची. कोणते बियाणे पेरावे, बैल ठेवावा की विकावा, मुलीला सातवीनंतर पुढे शिकवावे की नाही, यांसारख्या गोष्टींत पत्राद्वारे किंवा गावी येणाऱ्या चाकरमान्याकरवी निरोप जाई. उत्तर येण्यास विलंब झाल्यास स्त्री स्वतः निर्णय घेई आणि तो चुकला तर बोलणीही खाई. निर्णय योग्य ठरल्यास त्याचे श्रेय घराला मिळे. चुकल्यास दोष मात्र तिचा असे.

तिसरी पातळी मालमत्तेच्या व नात्यांच्या निर्णयांची आहे. जमिनीची वाटणी, बांधाचा वाद, घराची नवी बांधणी आणि मुलांचे विवाह हे विषय गणपती, शिमगा किंवा मे महिन्याच्या सुटीपर्यंत राखून ठेवले जात. चाकरमानी आला की बैठका होत. वर्षभर बांधावर उभी राहणारी आणि शेजाऱ्याने बांध कोठे सरकविला हे नेमके जाणणारी स्त्री त्या बैठकीत चहा घेऊन येई. निर्णय होत, सुटी संपे, पुरुष परत जात, आणि घेतलेल्या निर्णयाची अंमलबजावणी पुन्हा तिच्याकडे येई.

पती दूर असल्याने स्त्री स्वतंत्र झाली, असा एक मतप्रवाह आढळतो. त्यात तथ्यांश आहे. बाजारात जाणे, पैशाचा हिशेब ठेवणे, तलाठ्याशी वा मास्तरांशी बोलणे ही कौशल्ये तिने आत्मसात केली. परंतु पतीच्या अनुपस्थितीत भावकीची नजर अधिक कडक होत असे, हेही विसरता येत नाही. ती कोणाशी बोलली, बाजारातून किती वाजता परतली, याची वार्ता मुंबईतील गावकीच्या खोलीपर्यंत पोहोचत असे. पतीचे प्रत्यक्ष नियंत्रण सैल झाले, पण त्याची जागा नातलगांच्या नियंत्रणाने घेतली. हेमलता दांडेकर यांच्या १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या, सातारा जिल्ह्यातील सुगाव या गावाविषयीच्या इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकातच पुरुष मुंबईला आणि स्त्रिया घरी, ही विभागणी नोंदविली आहे. घाटावरील अनुभव कोकणाहून फार वेगळा नव्हता, हे त्यावरून लक्षात येते.

१९८२ चा संप : एक कसोटी

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील कापडगिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप लांबला आणि मनीऑर्डर थांबली. अनेक कामगार गावी परतले. नियमित येणारी रोख रक्कम बंद झाली आणि खाणारे तोंड मात्र वाढले, अशी या घरांची अवस्था झाली. त्या काळात ज्या घरी चूल पेटती राहिली ती बव्हंशी भातशेती, मजुरी, दुभते आणि स्त्रियांनी राखलेली उधारीची पत यांच्या बळावर. संपाच्या इतिहासात नेत्यांची भाषणे, मोर्चे आणि गिरण्यांचे बंद दरवाजे यांची नोंद आहे. गावाकडील या दुसऱ्या आघाडीची नोंद त्या मानाने अल्प आहे. संप दीर्घकाळ टिकला याचे श्रेय कामगारांच्या निर्धाराला दिले जाते व ते योग्यच आहे. परंतु तो निर्धार पोसण्यात गावच्या घराचाही वाटा होता.

कागदावरील कुटुंबप्रमुख

या स्त्रीचे कर्तेपण शासकीय कागदपत्रांत कसे उमटते, हे पाहणे उद्बोधक आहे. जनगणनेच्या सूचनांनुसार ज्या व्यक्तीवर कुटुंबाच्या कारभाराची व निर्णयांची मुख्य जबाबदारी असते, ती कुटुंबप्रमुख होय. आणि प्रमुख मानली जाणारी व्यक्ती गणनेच्या संपूर्ण काळात अनुपस्थित असल्यास कारभार पाहणारी व्यक्ती प्रमुख म्हणून नोंदविली जाते. म्हणजे जनगणनेच्या दृष्टीने चाकरमान्याची पत्नी कुटुंबप्रमुख ठरू शकते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार पात्र कुटुंबातील अठरा वर्षे पूर्ण केलेली ज्येष्ठतम स्त्री ही शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख आहे. धान्य आणण्याच्या कामी तिचे प्रमुखपद कायद्यानेच मान्य केले आहे.

सातबाऱ्याचा उतारा उघडला की चित्र पालटते. जी जमीन ती दरवर्षी कसते, तिच्या खातेदारांत बहुधा पतीचे, दिरांचे, चुलत सासऱ्यांचे आणि कित्येकदा दिवंगत आजेसासऱ्यांचेही नाव असते. कोकणात सामाईक खाती मोठ्या संख्येने आहेत आणि एका गटात अनेक नावे असणे नित्याचे आहे. पीककर्ज, विमा व नुकसानभरपाई यांसाठी खातेदाराचे नाव, बँकखाते आणि सहहिस्सेदारांचे संमतीपत्र विचारले जाते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागातील नारळी-पोफळीच्या बागा उद्‌ध्वस्त केल्या. अशा प्रसंगी पडलेली झाडे मोजण्यासाठी आणि पंचनाम्याच्या वेळी घरी हजर असणारी स्त्रीच असते; भरपाई मात्र खातेदाराच्या नावे निघते.

वारसाकायद्यातील सुधारणांनीही हा पेच पूर्णतः सुटला नाही. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः सहदायकाचा हक्क दिला. ही निःसंशय मोठी सुधारणा होती. परंतु हा हक्क स्त्रीला माहेरी, मुलगी म्हणून मिळाला. सासरच्या ज्या जमिनीवर तिचे आयुष्य जाते तेथे ती सहदायक नाही, आणि म्हणून हिंदू कायद्याच्या परिभाषेतील ‘कर्ता’ही होऊ शकत नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने विधवेला पतीच्या हिश्श्याची वारस मानले आहे. म्हणजे पती हयात असताना जी केवळ राबणारी आहे, ती त्याच्या निधनानंतर हिस्सेदार होते. हयातीतच हक्क मिळावा या दृष्टीने शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालविली आणि १९९२ साली राज्य शासनाने पतीच्या संमतीने पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याचा मार्ग खुला केला. हा मार्ग पतीच्या संमतीवर अवलंबून आहे, ही त्याची मर्यादा. आणि तो उपलब्ध असल्याची माहितीच पुष्कळ घरांत नाही, ही आपल्या सर्वांची मर्यादा होय.

बदलते चित्र

१९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि मुंबई जवळ आली. गिरण्या बंद पडल्या तरी स्थलांतर थांबले नाही. पुरुष आता खाजगी आस्थापना, सुरक्षारक्षकाची नोकरी, वाहनचालन, हॉटेल व्यवसाय आणि आखाती देश अशा अनेक दिशांनी जातात. पुष्कळ कुटुंबे पुरुषाबरोबर शहरात स्थायिक झाली. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आणि सिंधुदुर्गची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. मागे राहिलेल्या घरांत आता तरुण पत्नीऐवजी वृद्ध सासू एकटी असल्याचे दृश्य वाढत आहे.

संपर्काची साधने बदलली. मोबाईलमुळे पतिपत्नीमधील बोलण्यासाठी तिसऱ्याची गरज उरली नाही. बँकखात्यात थेट पैसे येऊ लागले. बचत गटांमुळे अनेक स्त्रियांच्या नावे प्रथमच पासबुक आले. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्या आणि बैठकीत चहा देणारी स्त्री काही ठिकाणी बैठकीच्या अध्यक्षस्थानी आली. त्याचबरोबर पूर्वी पत्राच्या विलंबामुळे जो निर्णय तिला स्वतः घ्यावा लागे, तो आता फोनवरून मुंबईत घेतला जातो. संपर्क वाढला म्हणजे स्वातंत्र्य वाढलेच, असे गृहीत धरता येत नाही.

समारोप

थोडक्यात, चाकरमान्याच्या पत्नीने तीन-चार पिढ्या घर, शेत आणि नातेसंबंध यांचे व्यवस्थापन केले. त्यामुळे मुंबईच्या उद्योगाला स्वस्त श्रम मिळाले आणि कामगाराला परत येण्यास घर राहिले. समाजाने या कार्याला त्याग हे नाव देऊन गौरविले. परंतु गौरवाच्या या भाषेने एक मूलभूत प्रश्न झाकला गेला. त्याग करणारीचे कौतुक होते, तिच्या नावे खाते उघडले जात नाही. व्यवस्थापन करणाऱ्याला मात्र अधिकार, माहिती आणि नोंद या तिन्हींची आवश्यकता असते. म्हणून या स्त्रीचा विचार ‘व्यवस्थापक’ या संज्ञेने करणे अधिक न्याय्य ठरेल.

कोकणातील महाविद्यालयांत शिकणारे अनेक विद्यार्थी अशाच घरांतून येतात. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास आणि मराठी या विषयांच्या प्रकल्पांतून त्यांनी आपल्या आजीचा व आईचा वर्षभराचा हिशेब मांडला, मनीऑर्डरची जुनी कुपने व पत्रे जपली, तर स्थानिक इतिहासाचे मोलाचे साधन उपलब्ध होईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत गावाचे सर्वेक्षण करताना ‘कुटुंबप्रमुखाचे नाव’ या रकान्याजवळच ‘शेत कोण कसते’ आणि ‘सातबाऱ्यावर नाव कोणाचे’ असे आणखी दोन रकाने घालता येतील. या तीन रकान्यांतील नावे किती घरांत जुळतात, हे त्यातून कळेल. आणि जेथे ती जुळत नाहीत त्या घरी सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याच्या अर्जाची माहितीही त्याच भेटीत देता येईल.